तळाशी राहिलेली चिमूट

ऐका बरं. पुष्कळ पुष्कळ वर्षं झाली या गोष्टीला. डोंगराच्या कुशीत एक राज्य होतं आणि त्या राज्यात एक रीत होती. कुठलंही भांडं तळापर्यंत खरवडायचं नाही. कणगीत बियाण्यापुरते दाणे राहू द्यायचे, गाडग्यात विरजणापुरतं दही राहू द्यायचं. तळ दिसला की घराची बरकत गेली, असं म्हातारी माणसं सांगत. रीत चांगलीच होती हो. पण चांगल्या रीतीलाही काही धरबंध हवा की नको?

त्या राज्यात 'तांबडी' नावाची साथ यायची. अंगभर फोड, भाजून काढणारा ताप, आणि घरटी एखादं पोर गेल्याशिवाय ती हलायची नाही. अखेर तिथल्या वैद्यीणबाईंना उतारा सापडला. गाईच्या सडांवर कधी कधी साधे फोड येतात. त्यांतली लस त्यांनी माणसांच्या दंडावर टोचली, आणि ज्याला टोचलं त्याला तांबडी शिवेना. बाई गावोगाव हिंडल्या. एके वर्षी तांबडी आलीच नाही. नदीपलीकडच्या राज्यातूनही तिने काढता पाय घेतला.

खरं तर गोष्ट इथेच संपायची. पण शेवटच्या रोग्याच्या खपल्या बाईंनी अभ्यासासाठी एका बरणीत ठेवल्या होत्या. त्या जाळायची वेळ आली तेव्हा प्रधानजी म्हणाले, "चिमूटभर राहू द्या. तळ खरवडू नये." झालं. बरणीचं तोंड लाखेने बंद केलं आणि ती गडावरच्या दगडी खोलीत गेली. किल्ली बाईंच्या कमरेला. पलीकडच्या राजानेही तशीच एक बरणी ठेवून घेतली.

तेव्हापासून बाईंच्या जिवाला घोर लागला. मोठ्या माणसांच्या दंडांवर टोचल्याचे वण होते. पण साथच नाही तर टोचायचं कशाला, म्हणून नंतरच्या पोरांचे दंड कोरे राहिले. बाईंची नात गोदू त्यांतलीच. तिला न्हाऊ घालताना तो गुळगुळीत दंड हाताला लागला की बाईंचा हात कमरेच्या किल्लीकडे जायचा.

दरवर्षी राणी विचारायची, "बाई, ही बला जाळून टाकायची का?"

सेनापती म्हणायचे, "पलीकडच्या राजाकडे बरणी आहे तोवर आपलीही असू द्या."

आणि बाई? तांबडी कुठून परत आलीच, तर तपासायला खपली लागेल, असं त्यांनाही वाटायचं. "पुढच्या वर्षी बघू, राणीसाहेब," त्या म्हणायच्या. पुढच्या वर्षी बघू म्हणणाऱ्याचं पुढचं वर्ष कधी उजाडतं का?

एका कडक उन्हाळ्यात बाई बरणी पाहायला गडावर गेल्या. गोदू भाकरी घेऊन मागोमाग आली. बाई खिडकीची झडप लावत होत्या, तेवढ्यात पोरीने आपल्या ओढणीने बरणीवरची धूळ पुसली.

"आजी, ही लाख तडकलीय बघ," ती म्हणाली.

बाईंनी पोरीला झटकन मागे ओढलं. त्यांनी बरणी पुन्हा बंद केली, ओढणी जाळली, आणि घरी न जाता नातीला घेऊन गडाखालच्या रिकाम्या खोपटात राहिल्या. कुणी जवळ यायचं नाही, असं त्यांनी लांबूनच ओरडून सांगितलं. मग म्हणाल्या, "आधी गाईची लस आणा. आत्ताच्या आत्ता टोचलं तर पोरगी वाचेल."

तेव्हा कुठे सगळ्यांच्या ध्यानात आलं. लस कुणाकडेच नव्हती. इतकी वर्षं रोग कुलपात जपला, आणि उतारा मात्र कुणी जपला नाही.

राणीचे घोडेस्वार गोठ्यागोठ्यांतून धावले. सडांवर फोड आलेली गाय काही मिळेना. खोपटात बाई नातीच्या कपाळावर हात ठेवून बसल्या. गोदूने विचारलं, "आजी, ते बरणीतलं आपल्याला कधी लागणार होतं गं?" 'पुढच्या वर्षी बघू' हे आपलेच शब्द बाईंना आठवले. त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

शेवटी दूरच्या एका वाडीत तशी गाय सापडली. गोदूला टोचलं. तिला ताप आला. तो लसीचा की तांबडीचा, हे फोड उठेपर्यंत कळणार नव्हतं. बाईंना अन्न गोड लागेना. पण एकच फोड आला, तोही टोचल्या जागी, आणि ताप उतरला.

बाई खोपटातून निघाल्या त्या थेट राणीपुढे उभ्या राहिल्या. "कुंभाराची भट्टी पेटवा," त्या म्हणाल्या.

"चिमूटभर तरी..." प्रधानजी पुटपुटले.

"प्रधानजी, ती चिमूट माझ्या नातीच्या उशाशी बसली होती."

बाईंनी बरणी तशीच्या तशी भट्टीत लोटली. निवल्यावर ती रिकामी बरणी राणीने पलीकडच्या राजाला धाडली. तिथेही रीत तीच. तळ दिसणारं भांडं कुणी गमतीने धाडत नाही, हे तो जाणून होता. त्याने बरणीत डोकावून पाहिलं आणि तळावरून बोट फिरवलं.

काही दिवसांनी नदीपलीकडे धूर दिसला. बाईंना हायसं वाटलं, पण पुरतं नाही. धूर बरणीचा की पाचोळ्याचा, इकडून कसं कळावं? त्यांनी गोदूच्या दंडावरचा नवा वण बोटाने चाचपला, लसीची कुपी घेतली आणि बाकीच्या पोरांचे कोरे दंड टोचायला त्या निघाल्या.

म्हणून सांगतो, जे कधी पेरायचंच नाही, त्याचं बियाणं राखू नये.