नदीवर पळालेले हत्ती

एक होता राजा. त्याला बांधायचं होतं महादेवाचं देऊळ. साधंसुधं नाही बरं का! चुना नाही, माती नाही, नुसता दगडात दगड अडकवलेला. खांबांवर वेली, छताला भलंमोठं कमळ, आणि पायाशी हत्तींची लांबच लांब रांग. साऱ्या देवळाचा भार त्या हत्तींच्या पाठीवर.

हत्ती घडवले सोमोबा पाथरवटानं. म्हातारा झाला होता बिचारा, डोळे अधू झालेले. हे त्याचं शेवटचं देऊळ. आता पाथरवटांची एक रीत असते. दगडातल्या प्राण्याचे डोळे कोरायचे ते अगदी शेवटी, कळस चढल्यावर. कळस चढला की त्या प्राण्याला आपलं घर कळतं. पण सोमोबाला वाटलं, तोवर मला दिसेनासं झालं तर? माझे हत्ती आंधळेच राहायचे! म्हणून त्यानं कुणाला न सांगता, घाईघाईनं सगळ्यांचे डोळे कोरून टाकले.

झालं! हत्तींनी डोळे उघडले. बघतात तर समोर नदी. मग काय, पहिला निघाला, त्याची शेपटी धरून दुसरा निघाला, आणि धप धप धप, सगळी रांग पाण्यात!

इकडे देऊळ हळूहळू जमिनीत बसायला लागलं. खालची पायरी गेली, मग तिच्या वरची गेली. सोमोबा डोक्याला हात लावून बसला. "देमाई, माझ्याच हातानं माझं देऊळ बुडवलं गं," असं बायकोला म्हणाला आणि ढसाढसा रडला.

राजानं नदीवर गाड्या भरभरून ऊस पाठवला. हत्तींनी ऊस फस्त केला आणि पुन्हा पाण्यात जाऊन बसले. मग राजानं ढोल-नगारे पाठवले. तर हत्ती नाचायलाच लागले! मग राजा स्वतः गेला, हात जोडून म्हणाला, "गजराज, चला आता घरी." एकानं सोंडभर पाणी घेतलं आणि फुर्रर्र! राजाचं पागोटं गेलं वाहून. हसतेस काय गं? पार खालच्या गावच्या परटिणीला सापडलं ते.

तोवर देवळाचा उंबरठा जमिनीला टेकला. तेव्हा देमाई पदर खोचून उठली.

"अहो, रडताय काय! रांगेत सगळे थोराड हत्ती उभे केलेत. एक तरी पिल्लू आहे का त्यात? घरात पोर नसेल तर घराची ओढ कुणाला वाटायची?"

सोमोबानं डोळे पुसले, छिन्नी उचलली. धड दिसत नव्हतं, तर हातानं चाचपून चाचपून त्यानं एक गुटगुटीत पिल्लू घडवलं. डोळे मिटलेलं. सोंड मात्र आरपार पोकळ. मग देमाईनं सोंडेच्या मागच्या भोकाला तोंड लावलं, गाल फुगवले आणि जोरात फुंकलं. "पोंऽऽऽ!"

नदीतल्या हत्तींनी कान टवकारले. अगं बाई, पिल्लू रडतंय! मग असे धावत सुटले म्हणून सांगू! पिल्लाशेजारी कोण उभं राहणार, यावरून ही ढकलाढकली. शेवटी थोरली हत्तीण मधे घुसली आणि तिनं पिल्लावर सोंड ठेवली. मग सगळे मुकाट रांगेत उभे राहिले आणि त्यांनी पाठी लावून देऊळ उचललं. उंबरठा वर आला, पायऱ्या वर आल्या. राजानं तिथल्या तिथं कळस चढवला आणि गावभर लाडू वाटले.

मग सोमोबानं पिल्लाचे डोळे कोरले. एक नीट उघडला. दुसऱ्याला छिन्नी घसरली, तो डोळा अर्धाच उघडला.

"आता गं?" सोमोबा म्हणाला.

"राहू द्या," देमाई म्हणाली. "झोपाळू आहे लबाड."

सोमोबा पोटभर हसला. किती दिवसांनी हसला!

ते देऊळ अजून तिथंच आहे. हत्ती आता कुठ्ठे जात नाहीत. जातील कसे? पिल्लू जागं आहे की झोपलंय, तेच त्यांना कळत नाही. एक डोळा उघडा, एक अर्धा मिटलेला, अगदी तुझ्यासारखा. मीट बघू आता दोन्ही. मी इथंच आहे.