ज्याचं रीळ, त्याचा मासा

आमच्या गळ टाकणाऱ्यांच्या मंडळाचा एक जुना नियम आहे: ज्याचं रीळ, त्याचा मासा. रीळ म्हणजे काठीवरची दोरी गुंडाळायची चकरी. मोठा मासा ओढताना काठी चार हातांतून फिरते आणि मागाहून भांडणं होतात, म्हणून तो केला. पण आमचे अध्यक्ष भाईसाहेब धुरी म्हणजे समुद्राकडेही वर्गणी मागणारा माणूस!

त्यांनी फेकून दिलेलं रीळ दातांच्या डॉक्टर शर्मिष्ठा कुबल यांनी भंगारातून उचललं. त्याच जातीच्या दुसऱ्या मोडक्या रिळाचं हँडल आणि ब्रेक त्यांनी त्यात बसवले. मंडळाच्या स्पर्धेत नेमका त्याच रिळाच्या गळाला भलामोठा मासा लागला. दोरी सणसणत सुटली, जेटीवर एकच धावपळ उडाली.

तेवढ्यात धुरी पुढे घुसले. "रिळाच्या सांगाड्यावर माझं नाव कोरलंय, बघा! रीळ माझं, म्हणजे मासाही माझाच."

"सांगाडा तुमचाच," डॉक्टर धापा टाकत म्हणाल्या. "आत्ताच घेऊन जा. माझं हँडल आणि ब्रेक तेवढे काढून घेते."

त्यांनी काठी कठड्यात अडकवली, खिशातला पाना काढला आणि हँडलच्या नटाला लावला. मासा उसळला. काठी कमानीसारखी वाकली.

"अहो, थांबा! हात लावू नका!" धुरी किंचाळले. "ते काढलंत तर मासा जाईल!"

डॉक्टरांनी पाना खिशात टाकला. "ऐकलंत ना सगळ्यांनी? मासा कोणाच्या जिवावर अडकलाय, ते अध्यक्षांनीच सांगितलं. आता बघत काय उभे राहिलात, भाईसाहेब? जाळं धरा!"