हरणीच्या गोष्टीचं पुढे

राणी वारल्यापासून तिची चार वर्षांची लेक चंपावती बोलेनाशी झाली होती. तिला महालातच शिकवायचं ठरलं. राणीची बहीण, म्हणजे चंपावतीची मावशी, गोष्टींतून शिकवते म्हणाली, तेव्हा दरबारचे पंतोजी राजाला म्हणाले, "मी बाराखडी घोकून घेईन. मावशीच्या गोष्टी ऐकून कुणी शहाणं होत नाही."

राजा म्हणाला, "दोघंही शिकवून दाखवा."

पंतोजींनी घसा कोरडा केला, पण पोर गप्पच. मग मावशीने राणी सांगायची तीच गोष्ट काढली. "पाडसाला शोधत हरणी नदीपाशी आली..." आणि ती थांबली.

"हं. पुढे?" चंपावतीने विचारलं.

मावशी वळून म्हणाली, "पंतोजी, हा प्रश्न तुमच्या बाराखडीत कुठल्या अक्षरानंतर येतो?"

पंतोजींनी बाराखडीची पाटी बाजूला ठेवली. राजाने लेकीला मांडीवर घेतलं. राणी ही गोष्ट सांगायची, तेव्हा तोही दाराआडून ऐकायचा.

"हं," तोही हळूच म्हणाला, "पुढे?"