हजर नसलेल्यांची हजेरी

जुन्या काळची गोष्ट आहे, इतकी जुनी की त्या राज्याचं नाव आता कुणालाच आठवत नाही. राज्याच्या सीमेवर एक घाट होता आणि घाटावर एक चौकी. चौकीत तीनशे सैनिक होते. रोज सकाळी त्यांची हजेरी म्हातारा जमादार घ्यायचा. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण तीनशे नावं तोंडपाठ होती आणि त्याचा त्याला जरा तोराही होता.

एका लढाईत जमादाराचा थोरला मुलगा हैबती पडला. दुसऱ्या सकाळी हजेरी घेताना सवयीनं त्याचंही नाव तोंडून निघालं आणि जमादार पुढचं नाव घ्यायचं विसरला. तेवढ्यात हैबतीचा जोडीदार मोठ्यानं म्हणाला, "हजर!"

बापाला बरं वाटलं. का नाही वाटणार? पुढे जो जो सैनिक गेला, त्याच्या नावाला कुणी ना कुणी 'हजर' म्हणू लागलं. चौकीची ती रीतच होऊन बसली.

एकदा प्रधानजी आले. घाट चढून दमलेले, त्यामुळे पालखीतून काही उतरले नाहीत. आत बसल्या बसल्या त्यांनी तीनशे वेळा 'हजर' ऐकलं आणि म्हणाले, "चौकी भरलेली आहे. मग नवी भरती कशाला?"

जमादार नुसतं 'जी' म्हणाला. खरं सांगावं, तर हैबतीचं नाव गाळावं लागलं असतं.

गावोगावची भरतीची दवंडी थांबली. तरीही डोंगराखालची तरणी पोरं अधूनमधून वर यायची. "आमाला घ्या," म्हणायची. जमादार त्यांना भाकरी खाऊ घालायचा आणि सांगायचा, "जागा न्हाई रं बाबांनो." पोरं हिरमुसून घाट उतरायची.

वर्षं गेली. काही सैनिक मेले, काही थकून घरी गेले. नावं तीनशे राहिली, माणसं साठ उरली. जमादाराचा धाकटा मुलगा सुभान त्या साठांतला एक. एका सकाळी तो बापाजवळ मटकन बसला.

"आबा, लागोपाठ तिसरा पहारा दिला. बदलीला मानूसच न्हाई. म्हाराजांना खरं काय ते सांगा."

"सांगितलं तर तुज्या दादाचं नाव जाईल रं."

"दादाला नाव पुरतंय, आबा. मला शेजारी मानूस पायजे."

जमादाराच्या काळजाला ते लागलं. "दसऱ्याला म्हाराज खालच्या गावात येतील, तवा सांगतो," तो म्हणाला. दसरा आला, महाराज आले, सोनं वाटलं गेलं, आणि जमादार न सांगताच घाट चढून परतला.

पुढच्याच महिन्यात भर दुपारी शत्रू घाट चढून आला. साठ माणसं मोठ्या वाटेवर झुंजत होती, तोच बाजूच्या अरुंद वाटेनं दुसरी तुकडी दिसली. तिथं वीस माणसं उभी राहिली असती, तर शत्रूला पाऊल टाकता आलं नसतं. पाठवायला मात्र कुणीच नव्हतं. सुभान एकटा धावला. बापानं त्याला जाताना पाहिलं.

राजधानीत खबर पोचली, तेव्हा राजा निर्धास्त होता. चौकीत तीनशे आहेत, कुमक उद्या निघाली तरी चालेल, असं त्याला वाटलं. कुमक आली तोवर खालची चार गावं जळून गेली होती आणि सुभान त्या अरुंद वाटेवर पडला होता.

राजा स्वतः आला. जमादाराच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तुमचा मुलगा वाघ होता. त्याचं नाव हजेरीत कायम राहील."

जमादारानं हात जोडले. "नको, म्हाराज. भरतीला आलेल्या पोरांना मी जागा न्हाई म्हणून माघारी धाडलं. जागा व्हती, म्हाराज. ती मी माज्या हैबतीला धरून ठिवली, आन् त्यापायी सुभान गेला. दोगांचीबी नावं गाळा. तिथं जित्ती मानसं द्या."

एवढं बोलून म्हातारा लहान मुलासारखा रडला. राजानं तिथल्या तिथं भरतीचा हुकूम दिला.

त्याच आठवड्यात पुन्हा भरतीची दवंडी पिटली गेली. वर्षभरात चौकीत खरोखरीची तीनशे माणसं उभी राहिली आणि शत्रू पुन्हा त्या घाटाकडे फिरकला नाही. जमादार मात्र संध्याकाळी घरी जायचा, तेव्हा त्याला आबा म्हणणारं कुणी उरलं नव्हतं.

तात्पर्य: गेलेल्यांचा मान मनात जपावा, पण त्यांची जागा जिवंत माणसानं वेळेवर भरावी.