गोणपाटाखालचा खड्डा

"मग मी क्षमा केली, ती चुकली का अक्का?"

मठाच्या अक्का तळ्याकडे बघत होत्या. तळं दिसत नव्हतंच. त्याच्या जागी पांढरंशुभ्र धुकं पसरलं होतं आणि धुक्यात कुठंतरी एक पाणकोंबडी ओरडत होती.

सिद्राम मठाच्या ओट्यावर बसला होता. त्याच्या उजव्या हाताला पंज्यापासून कोपरापर्यंत प्लॅस्टर होतं. गळ्यात अडकवलेल्या पट्टीत तो हात दुसऱ्या कुणाचा असावा तसा पडून होता.

सिद्राम मठाचा पखवाजी. भजनात त्याची थाप पडली की अक्का डोळे मिटून घेत, आणि मग बराच वेळ उघडत नसत.

गावाच्या बाजारगल्लीत गटाराचं काम चाललं होतं. रस्त्याच्या मधोमध माणूसभर खोल खड्डा खणून ठेवला होता. झाकण आलं नव्हतं, म्हणून ठेकेदाराच्या माणसांनी त्यावर गोणपाट टाकलं. गोणपाटावर धूळ बसली. धूळ बसल्यावर तो रस्ताच वाटू लागला.

बाजाराच्या दिवशी सिद्राम खांद्याला पखवाज लावून तिथून चालला होता.

पखवाज वाचला. मनगट मोडलं.

शंभू ठेकेदार दवाखान्यात आला होता. सिद्रामचे पाय धरून तो रडला. सिद्रामनं सगळ्यांसमक्ष डाव्या हातानं त्याला उठवलं आणि म्हणाला, "उठा शंभुअण्णा. माझ्या मनात काही नाही."

ही गोष्ट गावभर झाली. लोक मुद्दाम त्याला बघायला येऊ लागले.

"काय म्हणतात लोक?" अक्कांनी विचारलं.

सिद्राम लाजला. पण त्यानं सांगितलं.

"देवमाणूस म्हणतात."

"अस्सं..."

पाणकोंबडी पुन्हा ओरडली. धुकं जरासं हललं आणि तळ्याचा एक तुकडा दिसून परत मिटला.

"आज दुपारी शंभुअण्णा कागद घेऊन यायचेत," सिद्राम म्हणाला. "माझी कुणाविरुद्ध काही तक्रार नाही, असं लिहून द्यायचंय. सही जमत नसली तर डावा अंगठा चालेल म्हणाले. म्हटलं, तुमच्या पाया पडावं आणि मग अंगठा उठवावा."

"मग उठव की. मला कशाला विचारतोस, चुकलं का म्हणून?"

सिद्रामनं गळ्यातली पट्टी सारखी केली.

"झोप लागत नाही अक्का. औषधानं डोळा लागतो, पण लागला की पडायला लागतो. त्याच खड्ड्यात. पडतोय, पडतोय... तळच लागत नाही. खालून कुठून तरी पखवाज ऐकू येतो."

"रोज तूच पडतोस?"

"आधी मीच पडायचो."

"आणि आता?"

"आता दुसरंच कुणीतरी पडतं. मी कडेला उभा असतो. तोंड दिसत नाही... हाक मारावी म्हटलं तर नाव ठाऊक नसतं."

अक्का उठल्या. त्यांनी कोपऱ्यातली काठी घेतली, पदर खोचला आणि पायांत वहाणा सरकवल्या.

"चल. मला दाखव."

"काय दाखवू?"

"तू क्षमा केलीस ती जागा."

*

बाजारगल्ली अजून पुरती जागी झाली नव्हती. धुकं इथंही उतरलं होतं. दुकानांच्या फळ्या कुणीतरी काढत होतं, तो आवाज फार लांबून आल्यासारखा वाटत होता. चहाच्या गाडीवरची वाफ धुक्यात मिसळून जात होती. माणसं अचानक समोर येत, नमस्कार करत आणि विरघळून जात.

"हा इथं," सिद्राम म्हणाला.

अक्कांनी वाकून पाहिलं.

"गोणपाट नवं दिसतंय."

"हो. जुनं माझ्याबरोबर खाली गेलं. शंभुअण्णांनी दुसऱ्याच दिवशी बदलून दिलं."

अक्कांनी काठी काखेत मारली, डोळे मिटले आणि भजनात चालावं तशा सावकाश पुढं निघाल्या. सरळ गोणपाटाच्या दिशेनं.

एक पाऊल पडलं. दुसरं उचललं...

"अक्का!"

सिद्रामनं झेप घेतली. डाव्या हातानं त्यांचा दंड धरून त्यानं त्यांना मागं ओढलं. त्या धडपडीत प्लॅस्टरचा हात भिंतीवर आपटला आणि त्याच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. पण त्यानं दंड सोडला नाही.

अक्कांनी डोळे उघडले.

"का धरलंस?"

"अक्का, खड्डा आहे!"

"असू दे की. तू तर त्याला माफ केलंयस."

सिद्रामला धाप लागली होती.

धुक्यातून एक बाई आली. कडेवर मूल, डोक्यावर भाजीची पाटी. ती गोणपाटाला वळसा घालून गेली. तिला ठाऊक होतं. तिच्या मागून एक म्हातारा आला. तो गावचा दिसत नव्हता. सिद्रामनं ओरडून त्याला थांबवलं.

मग आणखी कुणी आलं. मग आणखी कुणी.

सिद्राम त्यांच्या पायांकडे बघत राहिला. अनवाणी पाय, पैंजणांचे पाय, फाटक्या चपलांचे, बूट घातलेले पाय. तोंडं धुक्यात होती. नुसते पाय येत होते आणि जात होते. त्याला वाटलं, आपण जागे नाही.

"आता कळलं का, स्वप्नात तोंड का दिसत नव्हतं?" अक्कांनी विचारलं.

सिद्रामनं खड्ड्याकडे पाहिलं.

"मी काय करू अक्का?"

"तालुक्याची गाडी कधी आहे?"

"आत्ता येईल. पण..."

"कोर्टाच्या आवारात गरिबाला फुकट सल्ला देणारे वकील असतात. जा, विचार त्यांना."

"कोर्टात? मी?" सिद्रामचा आवाज चढला. "मी माफ केलंय त्यांना! साऱ्या गावाला माहीत आहे. आता वकिलाकडं गेलो तर लोक काय म्हणतील? आणि... आणि मी गेलो तर इथं कोण उभं राहणार? आज बाजार आहे!"

अक्कांनी काठीनं गोणपाट बाजूला सारलं. खड्डा काळाभोर उघडा पडला. मग त्या खड्ड्याच्या कडेला, भर रस्त्यात, मांडी घालून बसल्या.

"तू जा," त्या म्हणाल्या. "मी आहे."

समोरच्या बांगडीवाल्या रुकय्याबीनं आपल्या मोबाइलवर त्यांचा फोटो काढला. सिद्रामच्या मोबाइलवरही तिनंच पाठवला.

*

वकीलबाईंचं नाव नाझनीन पटवेकर. टेबल लहान, खिडकी मोठी. त्यांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं.

"त्या कागदावर अंगठा दिलात?"

"नाही अजून."

"देऊ नका. वाचल्याशिवाय आणि मला दाखवल्याशिवाय कशावरच देऊ नका. दवाखान्याचे कागद?"

"घरी आहेत. एक्स-रेसुद्धा."

"जपून ठेवा. पोलिसांत कळवलं होतं?"

"नाही. मी म्हटलं, कशाला..."

"आज जाताना कळवा. तुम्ही पडलात ते कुणी पाहिलं?"

"अख्ख्या बाजारानं."

"अख्खा बाजार कोर्टात येत नसतो, सिद्रामजी. दोन नावं सांगा."

त्यानं रुकय्याबीचं नाव सांगितलं. चहावाल्या मलकाप्पाचं सांगितलं.

"आणि खड्ड्याचा फोटो? आजचा हवा. उद्या खड्डा तिथं असेलच असं नाही."

सिद्रामनं मोबाइल पुढं केला.

वकीलबाई फोटोकडे बघत राहिल्या. धुकं, काळा खड्डा आणि त्याच्या कडेला डोक्यावरून पदर घेतलेली एक म्हातारी, देवळात बसावी तशी.

"या कोण?"

"आमच्या अक्का. माझ्या गुरू."

"इथं का बसल्यात?"

"कुणी पडू नये म्हणून."

खिडकीतून ऊन आत आलं होतं. त्यात धुळीचे कण तरंगत होते. वकीलबाईंनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला.

"बाई," सिद्राम हळूच म्हणाला, "माझा त्यांच्यावर राग नाही हो. हे कोर्टाला कसं सांगायचं?"

"नका सांगू. कोर्ट ते विचारत नाही."

*

दुपारी शंभू ठेकेदार कागद घेऊन सिद्रामच्या घरी निघाला, तेव्हा बाजारगल्लीत गर्दी दिसली. काय झालं ते रुकय्याबीनं नंतर सिद्रामला सांगितलं.

धुकं केव्हाच विरलं होतं. ऊन चढलं होतं. बाजाराला आलेले लोक वाकून अक्कांच्या पाया पडत होते आणि मग खड्ड्यात डोकावून बघत होते. कुणीतरी अक्कांच्या डोक्यावर छत्री धरली होती. कुणी फुलं वाहिली होती.

शंभू गर्दीतून वाट काढत पुढं आला.

"अक्का, उन्हात का बसलात अशा?"

"तू बसत नाहीस म्हणून."

शंभूनं चारी बाजूंना पाहिलं. सगळे त्याच्याकडेच बघत होते.

"झाकण येणार आहे अक्का. वरूनच यायचंय. माझ्या हातात..."

"मी कुठं घाई करतेय? येऊ दे सावकाश. तोवर बसते मी."

शंभू उभाच राहिला. घाम पुसत राहिला. मग त्यानं हातातल्या कागदाची घडी घालून तो खिशात कोंबला आणि माणसांना हाक मारली.

ऊन कलायच्या आत खड्ड्याभोवती बांबूचं कुंपण झालं. त्यावर लाल फडकी बांधली गेली. खड्ड्यावर जाड फळ्या पडल्या, त्यांवर शंभू स्वतः उभा राहिला आणि नाचून दाखवल्यासारखे पाय आपटून त्यानं अक्कांची खात्री पटवली.

तेव्हा अक्का उठल्या. पाय आखडले होते. शंभूनंच हात दिला.

*

पुढं नोटीस गेली. तारखा पडू लागल्या. वकीलबाई बोलत, समोरचे वकील बोलत, आणि सिद्राम मागच्या बाकावर बसून छताच्या पंख्याकडे बघत राही. कधीकधी त्याला वाटे, हे सगळं पाण्याखाली चाललंय.

गावात बोलणं फिरलं. पाणवठ्यावर, देवळात, पारावर. वरवर क्षमा केली आणि मागून कोर्टात गेला. काहींनी रामराम करायचं सोडलं. भजनाला दुसरा पखवाजी आला.

एकदा सिद्राम अक्कांपुढं येऊन बसला.

"आता कुणी देवमाणूस म्हणत नाही अक्का."

"हलकं वाटतंय का?"

तो विचारात पडला. मग हसला. हात मोडल्यापासून तो पहिल्यांदाच हसला होता.

"वाटतंय खरं."

निकाल लागला. उपचाराचा खर्च आणि भरपाई ठेकेदारानं द्यावी, असं कोर्टानं सांगितलं. त्याआधीच, खटला चालू असताना, बाजारगल्लीतल्या प्रत्येक गटारावर लोखंडी झाकण आलं होतं. पावसाळ्यात गल्लीत गुडघाभर पाणी तुंबलं, रस्ता दिसेनासा झाला, तरी कुणी पडलं नाही. पडलं नाही म्हणून त्याची चर्चाही कुणी केली नाही.

सिद्रामचं हाड जुळलं. पण मनगट पूर्वीसारखं वळेना. दोन बोटं उचलायला गेलं की थरथरत. डॉक्टर म्हणाले, एवढंच.

*

निकालाच्या दुसऱ्या दिवशी तो मठात आला. संध्याकाळ होत होती. तळ्यावर पुन्हा धुकं उतरू लागलं होतं, या वेळी निळसर. अक्का कळशी घेऊन पाण्याकडे निघाल्या होत्या. सिद्राम त्यांच्या मागं गेला.

"अक्का, काल एक झालं."

"काय?"

"कोर्टाच्या व्हरांड्यात मी बाकावर बसलो होतो. शंभुअण्णा आले. बसायला कुठं जागा नव्हती. त्यांचं तोंड पार सुकलेलं. मी सरकलो. ते बसले. माझ्या बाटलीतलं पाणी प्यायले. मग त्यांनी त्यांच्या मुलीच्या परीक्षेचं सांगितलं आणि मी ऐकत बसलो. घरी आल्यावर लक्षात आलं, की आपण काही ठरवलं नव्हतं."

अक्का चालत होत्या.

"दवाखान्यात मी क्षमा केली, तेव्हा सगळे बघत होते. काल कुणी बघत नव्हतं. मीसुद्धा नाही... मग अक्का, खरी कुठली?"

अक्का घाटाशी पोचल्या. पायऱ्या खाली उतरत उतरत धुक्यात शिरल्या होत्या. पुढचं काही दिसत नव्हतं. फक्त पाणी दगडाला लागल्याचा आवाज येत होता.

"आणि या हाताचं काय करू?" सिद्राम म्हणाला. त्यानं उजवा हात पुढं धरला. बोटं थरथरत होती. "आता हा कशाला उपयोगी पडेल?"

अक्कांनी कळशी कमरेवर घेतली. दुसरा हात त्याच्या त्या हातात दिला.

"धर. पायऱ्या ओल्या आहेत."