होळीचा मान

"धुनीतला एक निखारा द्या, बाबा. वस्तीची होळी अडलीय."

उन्मेष वस्तीतलाच. परदेशात शिकून नुकताच परतला होता. मठाची टेकडी चढून आल्यानं त्याला धाप लागली होती. मागोमाग त्याची आत्या, कोंडाबाई.

केवळगिरी गोसाव्यांनी मान वर केली. "गावात विस्तव नाही?"

"पाटलांनी नाकारला. त्यांच्या होळीतून विस्तव आणायचा, मगच आमची पेटवायची, असा रिवाज. यंदा वस्तीनं त्यांच्या दारात फुकट हलगी वाजवली नाही. म्हणून..."

"नाही म्हणायला कुणी शिकवलं?"

"मी." उन्मेषची छाती फुगली. "सगळी वस्ती पेटवली मी, बाबा!"

कोंडाबाई खुदकन हसली. "पेटलोय तर खरं. लाकडं तेवढी तशीच हायेत."

बाबा हसले नाहीत. "माझाच विस्तव का?"

"धुनीच्या विस्तवाला कोण अडवणार? पाटलांची बोलतीच बंद होईल."

"आणि पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षीही तुमच्याकडूनच नेऊ."

बाबा उठले. कोपऱ्यातली घागर उचलली आणि धुनीवर उपडी केली.

मठ वाफेनं भरला.

"बाबा! तुमच्या गुरूंच्या गुरूंनी चेतवलेली धुनी..." उन्मेष गुडघ्यांवर बसून ओल्या राखेत निखारा शोधू लागला. बोट भाजलं. हाती कोळसाच आला.

बाबा कोंडाबाईकडे वळले. "बाई, सकाळी चूल कशानं पेटवलीस?"

"काडीनं. आणखी कशानं?"

"कुणाला विचारून?"

"माझी चूल. कुणाला कशाला विचारू?"

बोलता बोलता ती थबकली...

मग तिनं कनवटीची काडेपेटी काढली. कानाशी नेऊन हलवली. आत काड्या खुळखुळल्या.

"पण बाबा, होळीचा मान पाटलाचा. आमच्या हातानं पेटवली तर उद्या दळण बंद करतील, पाणी बंद करतील."

"करतील," बाबा म्हणाले.

कोंडाबाईनं मठाच्या दारातून खाली पाहिलं. पाटलांची होळी भडकली होती. वस्तीपुढे लोक रचलेल्या लाकडांभोवती नुसते उभे होते.

"करू देत मेल्यांना," ती म्हणाली, आणि पदर खोचून उतरणीला लागली.

"आत्या, थांब!" उन्मेष ओरडला. "पहिली काडी बाबांना ओढू दे. मग कुणाची बोलायची छाती होणार नाही."

कोंडाबाई थांबली नाही.

बाबांनी रिकामी घागर खाली ठेवली.

"एक धुनी विझवायला लावलीस, उन्मेष. अजून काय काय विझवायला लावशील?"