ट्रक मागे घेताना बोलायची भाषा

एकदा एक शिष्य स्वतःच्याच विनोदांवर फार प्रसन्न झाला. रक्तपेढीच्या नोंदी जुन्या संगणकातून नव्यात हलवणारा प्रोग्राम त्याने लिहिला होता. काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करावा आणि काम कुठवर आलं ते प्रोग्रामने ओळीओळीने सांगावं, असा. पण ते सांगणं कसं? ‘वा उस्ताद! जादू सुरू झाली!’ आणि मध्येच काम अडलं तर, ‘अरेरे! कुठेतरी माशी शिंकली!’

सोमवारी प्रोग्राम रक्तपेढीत चालवायचा होता, मात्र वृद्ध गुरूंच्या संमतीवाचून नाही. गुरूंनी त्या ओळी कागदावर उतरवून घेतल्या नि म्हणाले, “तुझी नवी मोटारसायकल काढ. मार्केट यार्डात जाऊ.”

यार्डात एक ट्रक मागे घ्यायचा होता. गुरूंनी क्लीनरला चहाला पिटाळलं, मोटारसायकल बरोबर ट्रकच्या पाठीशी उभी करवली आणि कागद घेऊन स्वतः मागे उभे राहिले. ट्रक हलला.

“वा उस्ताद! जादू सुरू झाली!” गुरू ओरडले. ड्रायव्हर खुलला, जोरात मागे आला. “अरेरे! कुठेतरी माशी शिंकली!”

ट्रक येतच राहिला.

“बस, बस, बस!” शिष्य किंचाळला. मोटारसायकल वीतभर अंतराने वाचली.

ड्रायव्हर खाली उतरला. “आजोबा, माशी शिंकली तर मी काय करायचं? ब्रेक मारू का तिला रुमाल देऊ?”

शिष्याने मोटारसायकल बाजूला ओढत विचारलं, “म्हणजे प्रोग्रामने गप्पच राहावं?”

“गप्प राहून कसं चालेल?” ड्रायव्हर म्हणाला. “मी काय दर हाताला उतरून बघू? आमचा क्लीनर बोलतो ना. येऊ द्या, येऊ द्या, डावीकडं घ्या, बस. झालं.”

गुरू शिष्याला म्हणाले, “ज्याला मागचं दिसत नाही, त्याच्यासाठी आपला शब्द म्हणजे डोळा. सुरळीत चाललं असेल तर थोडकं बोलावं. अडलं तर काय अडलं, काय शाबूत आहे आणि आता काय करायचं, एवढं शांतपणे सांगावं. रक्तपेढीतली बाई पडदा बघते तेव्हा तिच्यापुढे कुणाचा तरी भाऊ पिशवीसाठी ताटकळत असतो. तिथे तुझी करमणूक कशाला?”

“मग विनोद करायचाच नाही?”

“करायचा की. तो ऐकायला मी आहे.”

शिष्याने ओळी नव्याने लिहिल्या, गुरूंनी संमती दिली आणि सोमवारी दोघे रक्तपेढीच्या कोपऱ्यात उभे राहिले. तिथल्या कर्मचारी मंदाकिनीबाईंनी हुकूम दिला. थोड्याच वेळात काम थांबलं आणि पडद्यावर उमटलं: ‘२१२ नोंदी पोचल्या. नव्या संगणकात जागा संपली. जुन्या नोंदी सुरक्षित आहेत. जागा मोकळी करून पुन्हा चालवा, काम इथूनच पुढे सुरू होईल.’

बाईंनी वाचलं, जागा मोकळी केली, पुन्हा चालवलं आणि समोरच्या माणसाला विचारलं, “कोणता गट हवाय, दादा?”

“बाई काहीच बोलल्या नाहीत,” शिष्य हिरमुसून पुटपुटला.

“तुझ्याकडे वळून तरी पाहिलं?”

“नाही.”

“म्हणजे तुला काही विचारावंच लागलं नाही,” म्हणत गुरूंनी समाधानाने मान हलवली. शिष्याला आधी वाईट वाटलं, आणि जिना उतरेपर्यंत बरं वाटू लागलं.